फवारणीची वही मोबाइलवर नेताना: ॲप वापरून बघायला कुणाला बसवायचं आणि कसं?

वेलांटी

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये इंटरफेसचं (ॲपचे पडदे, बटणं, त्यांची मांडणी) काम करते. सध्या हातात द्राक्षबागेच्या फवारणी नोंदींचं एक ॲप आहे. बनवलंय दुसऱ्यांनी, माझ्याकडे ते ‘शेतकऱ्यांना जमतंय का बघून द्या’ एवढ्या निरोपासह आलं. दिंडोरी आणि निफाडकडच्या काही बागायतदारांच्या घरी जाऊन बसले, त्यात जे दिसलं ते इथे टाकतेय. बागवाल्यांनी चुकतंय तिथे टोकावं आणि या धंद्यातल्यांनी चाचणीच्या पद्धतीवर बोलावं, एवढीच अपेक्षा.

बागेशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं आधी सांगते. निर्यातीच्या बागेला कुठलं औषध, कधी, किती मारलं याची नोंद ठेवावीच लागते. बागेची नोंदणी अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं केंद्र सरकारी प्राधिकरण) ग्रेपनेट या ऑनलाइन व्यवस्थेत होते, ती व्यवस्था २००६ पासूनची. औषध मारल्यापासून काढणीपर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे (वेलीची वाढ रोखणारं रसायन) अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. तो हंगाम इथले लोक अजून विसरलेले नाहीत. तेव्हा इथे एका चुकीच्या आकड्याची किंमत कंटेनरमध्ये मोजायची असते.

आता प्रत्यक्ष काय झालं ते. दिंडोरीकडचे एक काका, साठीच्या पुढचे, स्वतः मोबाइल सफाईने वापरणारे. त्यांना म्हटलं, ‘परवा जे मारलं ते यात टिपून ठेवा.’ ॲपचा पहिला प्रश्न तारखेचा. कॅलेंडर उघडलं आणि बोट हवेतच थांबलं. काकांनी मुलाला हाक मारली, ‘आज कितवा दिवस रे?’ आतून उत्तर आलं, ‘त्रेचाळिसावा.’ काका ‘म्हणजे एक्केचाळीस’ असं पुटपुटले आणि ते एक्केचाळीस लिहायला जागा शोधू लागले. ती जागा कुठेच नव्हती.

द्राक्षवाल्याचं घड्याळ छाटणीला सुरू होतं. सल्ला देणारा ‘पंचेचाळिसाव्या दिवशी हे मारा’ म्हणतो, दुकानदार ‘कितव्या दिवसाला चाललीय बाग?’ विचारतो. ॲपला मात्र इंग्रजी महिन्याची तारीख हवी. काका शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले, उलटं मोजत आले आणि मग तारीख भरली. फोनमध्ये कॅलेंडर असताना!

पुढे ‘मात्रा’. चौकोनाशेजारी फिकट करड्या अक्षरांत ‘ग्रॅम प्रति लिटर’. काकांनी १२०० टाकले. बरोबरच होतं त्यांचं: लिटरला २ ग्रॅम, ब्लोअरची (ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राची) टाकी ६०० लिटरची, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने १२०० ग्रॅमच ओतले होते. ॲपने लिटरला १२०० ग्रॅम निमूट गिळले आणि हिरवी खूण दाखवली, ‘नोंद झाली’.

प्लॉट निवडतानाही तेच. ॲपला गट नंबर हवा. त्या घरात प्लॉटची नावं ‘विहिरीवरचा’ आणि ‘रस्त्याकडचा’. सातबारा शोधायला कपाट उघडावं लागलं.

एवढं सगळं झाल्यावर मी विचारलं, ‘कसं वाटलं ॲप?’ काका म्हणाले, ‘छान आहे ताई, काहीच अडचण नाही. चहा घ्या.’

माझं म्हणणं या उत्तराभोवतीच फिरतंय. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाच्या कामाला कुणी नावं ठेवत नाही. ‘कसं वाटलं’ विचारून गोळा केलेल्या मतांवर इंटरफेस ठरवला तर तो कायम छानच निघणार. बघायचं ते बोट कुठे थांबतं, हाक कुणाला मारली जाते, माणूस फोन सोडून कुठे उठून जातो. मत विचारायचंच असेल तर मी आता असं विचारते: ‘शेजारच्यांना हे दिलं तर ते कुठे अडकतील?’ शेजाऱ्याबद्दल माणसं भरभरून बोलतात.

आणखी एक पथ्य. काम सांगताना पडद्यावरचे शब्द वापरायचे नाहीत. ‘नवीन नोंद जोडा’ असं बटण असेल आणि मीच ‘नवीन नोंद जोडा’ म्हटलं, तर समोरचा अक्षरं जुळवून बटण दाबतो. ती वाचनाची परीक्षा झाली.

माझे प्रश्न: किती लोकांना बसवलं म्हणजे पुरे? आणि बोलत बोलत वापरायला सांगितलं की आपली माणसं गप्प का होतात, त्यावर काय उपाय?

---

पिक्सेलपाटील

छान धागा. ‘किती लोक?’ या प्रश्नावर ‘पाच’ हे उत्तर तोंडपाठ असतं सगळ्यांचं. त्यामागचं गणित असं: जेकब नीलसन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलं की एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो. म्हणजे पहिल्या माणसानंतर ६९ टक्के लपलेल्या राहतात, दुसऱ्यानंतर त्याच्या ६९ टक्के, असं करत पाचव्यापर्यंत साधारण ८५ टक्के सापडतात. पण हा ३१ चा आकडा सरासरीचा आहे, प्रत्येक ॲपला लागू होईलच असं नाही. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये ६० जणांच्या चाचणीतून पाच-पाचांचे गट काढून पाहिले. काही गटांना ९९ टक्के अडचणी सापडल्या, काहींना जेमतेम ५५.

तुमच्या बाबतीत मला वेगळीच शंका आहे. पाच म्हणजे एकाच प्रकारचे पाच. मालक, घरात वही लिहिणारी व्यक्ती आणि ब्लोअर चालवणारा गडी हे तीन वेगळे लोक असतील तर पाच मालक बसवून उपयोग नाही. मी तर म्हणेन, पंधरा जणांची एक मोठी चाचणी करण्यापेक्षा थोड्यांना बसवा, दुरुस्त करा, पुन्हा दुसऱ्यांना बसवा. पहिल्याच फेरीत सगळे तारखेवर अडकले तर त्यापुढचं तुम्हाला दिसतच नाही.

गप्प बसण्यावर: दोघांना एकत्र बसवा. एकट्या माणसाला फोनशी बोलायला सांगितलं की त्याला वेड लागल्यासारखं वाटतं. दोघं असली की आपोआप बोलतात.

---

वेलांटी

दोघांचं करून पाहिलं, पाटील. बाप-लेक बसवले की पहिल्या मिनिटात लेक म्हणतो, ‘आणा इकडे, तुम्हाला नाही जमायचं.’ फोन गेला की चाचणी संपली. म्हणून आता फोन थोरल्याच्या हातात आणि धाकट्याने हात मागे बांधून नुसतं बोलायचं, असा नियम केलाय. धाकटा तोंडाने वाट सांगतो, ‘ते खालचं दाबा, ते नाही, त्याच्या बाजूचं’, आणि कुठल्या बटणाला ओळख नाही हे मला ऐकू येतं. सासू-सुना बसवल्या तेव्हा नियमाची गरजच पडली नाही. त्या एकमेकींचं ऐकूनच घेत नव्हत्या, पण बोलत भरपूर होत्या.

---

निफाडचा_नाना

ताई, बाग आहे माझी, म्हणून बोलतो. राग मानू नका.

एक, नोंद मालक करत नाही. आमच्याकडे वही मंडळी लिहितात, रात्री जेवणं झाल्यावर. मी सांगतो, ती लिहिते. तुम्ही दिवसा येऊन मालकाच्या हातात फोन दिला, तिथेच निम्मं चित्र हुकलं.

दोन, एका टाकीत एकच औषध कोण मारतो? डाऊनीचं, भुरीचं (हे दोन्ही बुरशीचे रोग) आणि वर एखादं टॉनिक असं सगळं एकदमच जातं. तुमच्या ॲपात तीन औषधांसाठी तीन वेळा तारीख, प्लॉट, पाणी भरायचं का?

तीन, खरं सांगू? पाऊस झाला की रात्री अकरालाही ब्लोअर बाहेर काढतो माणूस. त्या आठवड्यात कुणी ॲप उघडणार नाही. चार-पाच फवारण्या साचतात आणि मग एकदम भरल्या जातात. काही वह्या तर हंगाम संपताना एका बैठकीत लिहिल्या जातात, सगळं एका पेनाने, एका शाईने. बघणाऱ्यालाही कळतं.

---

उगाच_विचारतो

मी कॉलेज रोडवर शिकतो, शेवटचं वर्ष. आमच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही एसयूएसचा (सिस्टिम युजेबिलिटी स्केल, वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणारी प्रश्नावली) फॉर्म भरून घेतला, ८२ आले. म्हणजे ८२ टक्के वापरायला सोपं असं धरायचं ना? मग एवढं घरोघर जाऊन बसायची गरज का पडते?

---

पिक्सेलपाटील

टक्के नव्हेत ते. एसयूएस जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना तयार केलं. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५. विषम क्रमांकाच्या विधानांतून १ वजा करायचा, सम क्रमांकाची उत्तरं ५ मधून वजा करायची, बेरीज करून अडीचने गुणायचं. असे ० ते १०० गुण येतात आणि सरासरी ६८ च्या आसपास मानतात. ८२ म्हणजे चांगलेच आले, पण १०० पैकी ८२ माणसांना जमलं असा अर्थ निघत नाही.

शिवाय एक विधान चांगलं, पुढचं वाईट अशी त्यात रचना आहे. घाईत भरणारा सगळीकडे ५ करत जातो. मग ‘वापरायला सोपं’ यालाही ५ आणि ‘विनाकारण किचकट’ यालाही ५. तुमचे भरलेले फॉर्म काढून बघा, असे किती आहेत ते.

---

वेलांटी

आणि समजा ३८ आले असते, तर काय दुरुस्त करणार होता? तारखेचा चौकोन की मात्रेचा? गुण दोन आवृत्त्यांची तुलना करायला बरे. कुठे दुखतंय ते बसल्याशिवाय कळत नाही. तुमचं ॲप कशाचं आहे? मेसच्या डब्याचं असेल तर मेसवाल्या मावशींना वापरायला देऊन बघा, मित्रांना नको.

नाना, राग कसला! तिन्ही मुद्दे उचललेत. पहिल्यासाठी आता संध्याकाळी उशिरा जातेय. दुसऱ्यासाठी एका टाकीची एक नोंद आणि तिच्यात हवी तेवढी औषधं, असं कागदावर काढून पाहिलं. हो, कागदावर! प्रोग्रामरने चार दिवस घालवून बनवण्याआधी पेन्सिलने पडदे काढते, समोरचा कागदावर बोट ठेवतो, मी पुढचा कागद सरकवते. कागदाचा एक मोठा फायदा आहे: तो कच्चा दिसतो म्हणून माणसं मोकळेपणी नावं ठेवतात. ‘हे इथे कशाला?’ हा प्रश्न मला चकचकीत पडद्यावर एकदाही ऐकू आला नव्हता.

तिसऱ्या मुद्द्याने मात्र झोप उडवलीय. ‘मागच्यासारखीच नोंद’ असं बटण दिलं तर साचलेल्या फवारण्या पटकन भरता येतील. पण मग सहा महिन्यांची वही दहा मिनिटांत रचताही येईल. सोपं करायचं, पण किती?

---

अंबडकर

मी पॅनेलवाला माणूस, कारखान्यांचे कंट्रोल पॅनेल बसवण्यात आयुष्य गेलं. त्या हिरव्या खुणेवर बोलायचंय.

२८ मार्च १९७९, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. दाब सोडणारी झडप उघडीच अडकली होती आणि अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी तिच्यातून बाहेर जात होतं. पॅनेलवरचा दिवा मात्र विझलेला. कारण तो दिवा झडप उघडी की बंद हे दाखवतच नव्हता. झडपेला बंद होण्याचा हुकूम गेला, एवढंच दाखवत होता. ऑपरेटरने दिवा पाहिला आणि झडप बंद आहे असं धरलं. पुढे भट्टीचा गाभा काही अंशी वितळला.

तुमची ती ‘नोंद झाली’ची खूण कशाची आहे? बटण दाबलं गेल्याची, फोनमध्ये साठल्याची की सर्व्हरला पोचल्याची? बागेत रेंज नसते म्हणून विचारतो.

---

वेलांटी

अंबडकर, नेमकं बोट ठेवलंत. खूण दाबल्याबरोबर येते. रेंज नसताना नोंद फोनमध्येच पडून राहते आणि फोन बदलला की गेली. प्रोग्रामरना तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला. आता दोन अवस्था वेगळ्या दाखवतोय: ‘फोनमध्ये ठेवली’ आणि ‘पोचली’. नुसत्या रंगावर सोडलेलं नाही, शब्द लिहिलेत, कारण लाल-हिरवा फरक न दिसणारे पुरुष काही थोडेथोडके नाहीत.

---

बँकवाले_काका

आम्ही एटीएम नवीन आली तेव्हाचे. लोक पैसे घेऊन निघून जायचे आणि कार्ड मशीनमध्येच. पैसे हातात आले की माणसाच्या लेखी काम संपलं, मागे काय राहिलं ते कोण बघतो? मग कार्ड आधी परत देऊन नंतर पैसे द्यायचा क्रम आला. लोकांना ‘कार्ड विसरू नका’ सांगणाऱ्या पाट्या लावून जे झालं नाही ते क्रम बदलून झालं.

ॲपात नोंद झाल्यावर पुढे काही करायचं शिल्लक ठेवलंय का? ठेवलं असेल तर ते होणार नाही असं समजा.

---

वेलांटी

ठेवलंय! ‘नोंद झाली’ नंतर औषधाच्या लेबलचा फोटो मागतात. एकानेही काढला नाही. फोटो पहिल्या पायरीला आणायला सांगते. बाटली तेव्हा हातात असते.

---

ठामपणे

एवढा काथ्याकूट कशाला? एक दिवस ट्रेनिंग द्या, व्हिडिओ पाठवा. शेतकरी काय अडाणी आहे का? शिकेल की.

---

निफाडचा_नाना

ठामपणे साहेब, अडाणी कोणीच म्हटलं नाही. ज्या पोराने ट्रेनिंग घेतलं ते पोरगं पुण्याला नोकरीला लागलं. आता व्हिडिओ कोणाला पाठवता? आणि थिनिंग (घड विरळ करणं), डिपिंग (घड औषधात बुडवणं) चालू असताना व्हिडिओ बघायला वेळ असतो का कुणाला.

ताईंच्या त्या प्रश्नाबद्दल: ‘मागच्यासारखीच’ द्याच. नाही दिलं तर आम्ही वहीवरच राहू. पण नोंद कधी टाकली त्याची तारीख आत राहू द्या. आम्हाला टोमणा नको, ‘उशिरा भरली’ असं लाल अक्षरांत नको. नुसती राहू द्या.

---

पिक्सेलपाटील

नानांशी अर्धा सहमत. फवारणीची तारीख आणि नोंदीची तारीख दोन्ही ठेवणं बरोबर. पण ‘मागच्यासारखीच’ दाबल्यावर मात्रेचा चौकोन रिकामा यायला हवा. बाकी सगळं उचला, आकडा हाताने लिहू द्या. तेवढा अडथळा मी मुद्दाम ठेवेन.

---

निफाडचा_नाना

रिकामा चौकोन दिसला की मंडळी मला हाक मारणार, मी आठवून सांगणार, नाही आठवलं तर ‘मागचंच टाक’ म्हणणार. तुमच्या अडथळ्याने खरं लिहिलं जाईल असं नाही. लवकर लिहिलं गेलं तरच खरं लिहिलं जाईल. टाकी भरताना गडी औषध ओततो तेव्हाच आवाजात बोलून नोंद झाली तर बघा.

---

वेलांटी

आवाजाचं करून बघण्यासारखं आहे, फक्त ट्रॅक्टर बंद असताना. रिकाम्या चौकोनाचं दोन्ही प्रकारे कागदावर काढते आणि संध्याकाळी वही लिहिणाऱ्या बायकांसमोरच ठेवते. इथे वाद घालून तो सुटणार नाही.

---

स्पर्शवाचक

मला दिसत नाही, नाशिकरोडला राहतो, फोन टॉकबॅकवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) वापरतो. भावाची बाग आहे, हिशेब मी ठेवतो. त्यामुळे हे ॲप माझ्याही कामाचं.

वेलांटीताई, प्रोग्रामरना दोन गोष्टी सांगा. चित्राच्या बटणांना नाव द्या. कॅमेऱ्याचं चित्र डोळसांना कळतं, मला ‘अनलेबल्ड, बटन’ एवढंच ऐकू येतं. अशी चार बटणं एका ओळीत असली की मी ॲप काढून टाकतो. दुसरं, मजकुराची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवा. नाहीतर मराठी मजकूर भलत्याच आवाजात वाचला जातो आणि ‘मात्रा’ काय नि ‘मित्र’ काय. डोळसांचाही त्यात फायदा आहे असं ऐकून आहे.

आणि चाचणीला माझ्यासारखा एक जण बसवा. डोळे मिटून तुम्ही बसलात तर ती माझी चाचणी होत नाही. मला जे सहज येतं ते तुम्हाला डोळे मिटून येत नाही.

---

पिक्सेलपाटील

बरोबर ऐकलंत. भाषा मराठी म्हणून नोंदवली आणि फॉन्टमध्ये सोय असली तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे दिसतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात. युनिकोडमध्ये अक्षर तेच, आकार भाषेनुसार बदलतो. ओळींमधलं अंतरही जरा सैल ठेवायला सांगा, इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या बटणात ‘फवारणी’ची वेलांटी वरून कापली जाते. (आयडीला धक्का नाही, ताई.)

करड्या अक्षरांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून: डब्ल्यूसीएजीच्या (वेबवरचं सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना) निकषानुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी फरक किमान ४.५ ला १ हवा. पांढऱ्यावर ७६७६७६ या रंग-कोडचा करडा तिथे जेमतेम पोचतो. त्याहून फिकट नकोच. आणि हा हिशेब घरातला. भर उन्हात १ लाख लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड असतो, तिथे काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं याशिवाय काही खरं नाही.

---

वेलांटी

स्पर्शवाचक, तुम्हाला वेगळा निरोप केलाय. वेळ तुमची, जागा तुमची, आणि बसण्याचं मानधन कंपनीकडून घेऊन देते. कुणालाच फुकट बसवायचं नाही असं ठरवलंय.

करडा गेला, एककं ठळक झाली. मात्रेला आता आधी ‘लिटरला’, ‘टाकीला’ की ‘एकरी’ असं निवडायचं, मग आकडा. खाली ॲप स्वतः हिशेब मांडतं, ‘६०० लिटरला १२०० ग्रॅम’. लिटरला १२०० कुणी टाकलंच तर तिथेच थांबवून विचारतं. तारखेच्या जागी दिवस. ऑक्टोबर छाटणीची तारीख एकदा घेतली की पुढे ‘४१वा दिवस’ लिहिलं तरी चालतं, खाली बारीक अक्षरांत तारीख दिसते.

---

कसमादे

सटाण्याहून. थांबा थांबा, ‘ऑक्टोबर छाटणी’ असं पडद्यावर छापलंय का? आमच्याकडे अर्ली द्राक्ष. फळ छाटणी जून-जुलैत होते, दिवाळीच्या पुढेमागे माल निघायला लागतो. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा सगळीकडे असे लोक आहेत. आणि सगळे प्लॉट एका दिवशी कोण छाटतं? माझ्याच तीन प्लॉटांचे तीन वेगळे दिवस चालू असतात.

---

वेलांटी

छापलंय. काढते. महिना आधीपासून भरलेला नको, आणि छाटणीची तारीख प्रत्येक प्लॉटला वेगळी विचारायची, प्लॉटच्या तुमच्या नावासकट. आतापर्यंत दिंडोरी-निफाडच्या बाहेर गेलेच नव्हते. तुमच्याकडे बसायला येऊ का?

---

कसमादे

या की. फक्त छाटणीच्या आठवड्यात नको, मजूर सांभाळू का तुम्हाला? छाटणी उरकल्यावर फोन करतो. आणि संध्याकाळी सातनंतर या, वही आमच्याकडेही आईच लिहिते.